इम्युनिटी वाढवून द्या, मॅडम!

निवृत्त माणसाकडं वेळच वेळ असतो असा लोकांचा समज आहे. त्यामुळं मागच्या महिन्यात नागपूरच्या बेसा भागातल्या एका नव्या वसाहतीच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरींचा मला फोन आला. त्यांना माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान हवं होतं. विषय त्यांनीच ठरवून टाकला होता: ‘गर्भवतींनी इम्युनिटी कशी वाढवावी’. व्याख्यानानंतर कुणी एक गृहस्थ गर्भवतींसाठीच्या खास थेंबांच्या बाटल्या मांडून बसणार होते.

मी म्हटलं, “वाढवायची नसते, बाई.”

मग त्या म्हणाल्या, “बरं, मग ‘कशी टिकवावी’ असं ठेवू का टायटल?”

मी फोन ठेवला आणि अख्खी दुपार चिडचिड करत घालवली. बाळंतपणाची डॉक्टर म्हणून माझं सगळं आयुष्य नागपुरात गेलं. आधी सरकारी दवाखान्यात, निवृत्तीनंतर जुन्या वस्तीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात. लोकांनी माझ्याकडं काय काय मागितलं नाही! गोरं बाळ मागितलं, मुलगाच मागितला, बारशाचा हॉल रिकामा असेल त्या आठवड्यात होणारं बाळ मागितलं. पण महामारीनंतर जो तो ‘इम्युनिटी वाढवून द्या, मॅडम’ म्हणत येऊ लागला, तेव्हा मात्र माझा तोल सुटायला लागला. हिमोग्लोबिनची गोळी कडू लागते म्हणून फेकणारी बाई तीन तऱ्हेच्या पावडरी घेऊन समोर बसलेली असायची. पावडर लागू पडते का, हे मला विचारायची. गोळीचं विचारलं की जमिनीकडं बघायची.

आता इथं वाचणाऱ्यांनी निदान एवढं समजून घ्यावं. पोटातलं मूल अर्धं बापाचं असतं, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीनं अर्धं परकं. सख्ख्या भावाची किडनी बसवली तरी शरीर ती नाकारायला बघतं, जन्मभर गोळ्या खाव्या लागतात. आणि इथं एक अर्धं परकं माणूस नऊ महिने आत वाढतं, तरी शरीर त्याला हुसकून लावत नाही. उलट, परक्यावर तुटून पडणाऱ्या घराण्यातल्याच काही पेशी गर्भपिशवीत राहून वारेसाठी रक्तवाहिन्या रुंद करायला हातभार लावतात. वार म्हणजे बाळाला आईशी जोडणारा मांसल गोळा, बाळंतपणानंतर पडतो तो. ही सगळी इतकी तोलून धरलेली व्यवस्था आहे की ती बघून मला आजही नवल वाटतं. आणि लोक म्हणतात, वाढवा.

बाळाची स्वतःची व्यवस्थाही पोटातच उभी राहते. तिच्या पेशी फार लवकर तयार व्हायला लागतात, पुढं काही महिने यकृतात, मग हाडांच्या मगजात. छातीच्या हाडामागं एक लहानशी ग्रंथी असते, तिथं त्यातल्या काही पेशी आपलं कोण आणि परकं कोण हे शिकतात. पण पोटात बसून शिकलेलं ते, अनुभव कशाचाच नाही. म्हणून आई स्वतःच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडं पाठवते. तिला आजवर झालेले आजार, तिनं घेतलेल्या लशी, या सगळ्यांमुळं तिच्या रक्तात तयार झालेलं हे संरक्षण. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून ते थोडं थोडं जायला लागतं, सगळ्यात जास्त शेवटच्या महिन्यांत. जन्मानंतरचे पहिले काही महिने बाळ त्या शिदोरीवर काढतं.

हे मी पुस्तकात वाचलं ते वेगळं आणि मला पटलं ते वेगळं. मी नवी नवी नोकरीला लागले तेव्हा आमच्या दवाखान्यात धनुर्वात झालेल्या नवजात बाळांची एक खोली होती. ती अंधारी ठेवायचे. दार वाजलं, उजेडाची तिरीप आली तरी बाळ धनुकलीसारखं ताठ व्हायचं. घरातलं बाळंतपण, नाळ कापायला हाताला येईल ते पातं. त्यातली बहुतेक बाळं जायची. मौद्याच्या पुढल्या एका खेड्यातली आई मला अजून आठवते. तिनं गरोदरपणात धनुर्वाताची सुई घेतली नव्हती, कारण जावेनं सांगितलं होतं, सुईनं लेकरू काळं होते. लेकरू गोरंपान होतं. चौथ्या दिवशी त्यानं दूध ओढणं सोडलं, नंतर ते गेलं. आईच्या दंडात टोचलेली सुई पोटातल्या बाळाला राखते, हे त्या जावेला पटवायला मी पुढं त्या गावात गेले. ती म्हणाली, “दंड कुठं न पोट कुठं, बाई!” मी बरीच वर्षं असल्या जावांशी भांडले, गावोगावच्या नर्सबाई तर माझ्याहून जास्त भांडल्या. ती अंधारी खोली पुढं बंद झाली आणि तिथं चादरींचं कपाट आलं. त्या कपाटाचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या पदव्यांचाही नाही.

पण आईकडून बाळाकडं जाणाऱ्या या रस्त्याची एक गोष्ट कुणी ऐकूनच घेत नाही. वार निवड करत नाही. वारेतून जाऊ शकणारी जी जी प्रतिपिंडं आईच्या रक्तात असतील, ती सगळी बाळाकडं जातात. कामाची जातात, तशी नको असलेलीही जातात. हे मला स्वातीच्या घरच्यांना समजवावं लागलं. त्या समजावण्यात माझा जेवढा जीव गेला, तेवढा कुठल्याच ऑपरेशनमध्ये गेला नसेल.

स्वाती त्या धर्मादाय दवाखान्यात माझ्याकडं आली तेव्हा तिला पाचवा महिना चालू होता. पहिलटकरीण, अंगानं किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. तिच्या सासूचं, मंदाबाईंचं, गांधीबागेत साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान होतं आणि स्वाती तिथं मशीनवर बसायची. नवरा निखिल मौद्याच्या वीज प्रकल्पात ठेकेदाराकडं फिटर होता, रोज बसनं जाऊन-येऊन करायचा. तपासणीला सोबत कायम मंदाबाई. स्वातीला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच द्यायच्या.

“भूक लागते का गं?”

“लागते ना, मॅडम. सकाळी मी गुळवेलीचा काढा देते. मंग ते इम्युनिटीचं पावडर. रात्री च्यवनप्राश.”

“मी स्वातीला विचारतेय, मंदाबाई.”

“हौ हौ, इचारा ना. लागते तिले भूक.”

मी पोटावर डॉपलर ठेवलं. बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकण्याचं हे छोटं यंत्र. एरवी इतके झरझर ठोके येतात की नव्या बायका घाबरतात. त्या दिवशी आले ते संथ, अंतरा-अंतरानं. मला वाटलं आपण आईचीच नाडी ऐकतोय. तिचं मनगट धरलं. तिची नाडी बाळापेक्षा जलद चालत होती. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. मिनिटाला एकशेवीस-दीडशेच्या घरात असायला हवेत ते ठोके पन्नास-पंचावन्नच्या पुढं जात नव्हते.

मंदाबाई कौतुकानं म्हणाल्या, “शांत लेकरू हाये. तिच्या सासऱ्यावर गेलं.”

त्या क्षणी मी त्यांना काय बोलले असते ते इथं लिहिण्यासारखं नाही. बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याला फोन लावला आणि दोघींना त्याच दिवशी त्याच्याकडं पाठवलं.

त्यानं सांगितलं ते मला भीती होती तेच. हृदयाचे वरचे कप्पे आपल्या वेगानं नीट चालत होते. खालचे कप्पे त्यांचं काही ऐकतच नव्हते, आपल्याच मंद चालीनं चालले होते. मधला निरोप पोचवणारा मार्ग बंद पडला होता. आईच्या रक्तात एक ठरावीक प्रतिपिंड असलं तर हे होऊ शकतं. ते वारेतून बाळाकडं जातं आणि क्वचित एखाद्या बाळाच्या हृदयातल्या त्या नाजूक मार्गाला सूज आणतं. सूज ओसरते, वण राहतो. वण पडला की मार्ग पुन्हा उघडत नाही. आई धडधाकट असते. पुष्कळदा तिला आपल्या रक्तातलं हे ठाऊकही नसतं. स्वातीच्या रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात ते प्रतिपिंड होतं.

दुसऱ्या दिवशी तिघांना बोलावलं. तिघांबरोबर चौथे आले: निखिलचे चुलते सुधाकरकाका. एका कचेरीतून निवृत्त झालेले, हातात मोबाइल, आणि मोबाइलमध्ये सगळं वैद्यकशास्त्र. मी चित्र काढून समजावलं. निखिल कामावरून थेट आला होता, बुटांवर राख होती. माझ्या प्रत्येक वाक्याला तो “हौ मॅडम” म्हणत होता. त्या ‘हौ’चा अर्थ त्याला सगळं कळलं असा होता की काहीच कळलं नाही असा, ते ओळखायची सोय नव्हती.

मंदाबाईंना मात्र त्यांच्या परीनं कळलं. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हंजे मी हिची शक्ती वाढवून राहिली, न तेच शक्ती लेकराले खाऊन राहिली?”

“नाही हो, मंदाबाई. तुमच्या काढ्यानं हे झालेलं नाही. हे आधीपासून तिच्या रक्तात होतं.”

“आधीपासून?” त्यांनी तेवढाच शब्द पकडला. “म्हंजे माहेराहून घेऊन आली.”

मी कपाळाला हात लावला. एक आरोप पुसायला जावं तर दुसरा तयार. मी म्हटलं, हे कुणी कुठून आणत नाही, कुणाच्याही शरीरात तयार होऊ शकतं, तुमच्याही. सुधाकरकाका खाकरले.

“मॅडम, मी काय म्हणतो, वेळ गेली नाही अजून. हे मोकळं करून टाकू. पोट्टी तरणी हाये, होईन दुसरं.”

आणि स्वाती? तिच्या शरीराबद्दल, तिच्या बाळाबद्दल चाललेली ही सभा ती खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होती, सारखे डोळे चोळत. मी समजले रडतेय. नीट पाहिलं तर डोळ्यांत पाणीच नव्हतं. मी सगळ्यांना बाहेर घालवलं. मंदाबाई दारापर्यंत जाऊन दोनदा परत आल्या, तिसऱ्यांदा मी दार लावून घेतलं.

“डोळ्यांना काय होतं गं तुला?”

तिनं आधी बंद दाराकडं बघितलं, उत्तर द्यायची सवयच गेली असावी. मग म्हणाली, “रेती गेल्यासारखं होते, मॅडम. लई दिवसांपासून. लग्नाच्याही आधीपासून.”

“आणि तोंड?”

“पोळीचा घास पाण्याबिगर उतरत नाई. आई म्हणते, नखरे करते. दुकानात मशीनवर डोळे आग करते, त आई म्हणते, कामाचा कंटाळा.” आई म्हणजे सासूच. “तुमाले कसं कळलं?”

कळायचं काय होतं त्यात! हे प्रतिपिंड असणाऱ्या काही बायकांना डोळे आणि तोंड कोरडं पडण्याचा त्रास होतो. लग्नाआधीपासून ती हे घेऊन हिंडत होती. घरचे सोडा, रक्त तपासणारे, वजन करणारे, पोट बघणारे आम्ही सगळे. पोटाच्या वर या बाईला डोळे आहेत हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाई गरोदर राहिली की आमच्या लेखी ती नुसतं पोट होते. आमच्या धंद्याचा हा जुना रोग आहे आणि त्यावर कुणी पावडर काढलेली नाही.

“लेकरू वाचन का, मॅडम?” तिनं विचारलं.

मी खरं सांगितलं. हृदय असंच मंद चालूनही पुष्कळ बाळं पोटात वाढतात आणि जन्मतात. काहींच्या हृदयाभोवती पाणी जमतं, त्यांचं अवघड होतं. जन्मल्यावर बहुतेकांना हृदय चालवणारं यंत्र बसवावं लागतं. आपल्याला सारखं लक्ष ठेवावं लागेल, आणि निर्णय तुझा न निखिलचा आहे, काकांचा नाही.

पुढचे काही दिवस त्या घरात काय चाललं ते मला स्वातीकडून नंतर कळलं. मंदाबाईंनी तिच्या माहेरी उमरेडला फोन करून ‘तुमच्यात कोणाले असं होतं काय’ विचारलं. माहेरच्यांनी ‘आमच्यात नाई, तुमच्याच काढ्यानं झालं’ म्हणून सांगितलं. दोन घरं दोन दिवस फोनवर भांडली. बाळाविषयी कुणी बोललं नाही.

आणि एका दुपारी ओपीडी संपता संपता निखिल एकटाच दारात उभा. डोक्यावरचं कामाचं हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. अर्धी पाळी टाकून मौद्याहून आला होता. मी म्हटलं, आता हा काकांचा निरोप घेऊन आला. मी आवाज चढवायच्या तयारीनं बसले.

तो म्हणाला, “मॅडम, एकच इचारायचं होतं. लेकराले दुखते काय?”

माझ्या सगळ्या नोकरीत एवढं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “नाही रे. त्याला तेच माहीत आहे, तीच चाल. दुखत नसावं.”

“आमच्या टर्बाइनचा बेअरिंग गरम व्हाले लागला त मशीन बंद करा लागते,” तो म्हणाला. “पण हे चालून त राहिलं ना? कमी का होईना, चालून राहिलं.”

“हो. चालतंय.”

“मंग आपण बंद काहून करायचं?” आणि त्यानं हेल्मेट काढलं. “मी घरी सांगतो.”

काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर सुधाकरकाका माझ्या दवाखान्यात दिसले नाहीत. ही त्या वर्षातली सर्वांत मोठी सुधारणा.

मग वाट बघणं. दर आठवड्याला सोनोग्राफी. सातव्या महिन्यात एकदा हृदयाभोवती पाण्याची बारीक रेघ दिसली. वारेपलीकडं पोचेल असं औषध आम्ही स्वातीला दिलं. या औषधाचा उपयोग किती होतो यावर डॉक्टरांमध्येही दुमत आहे, हे मी निखिलला सांगितलं. पुढच्या आठवड्यात रेघ तेवढीच होती, त्याच्या पुढच्या आठवड्यात दिसेनाशी झाली. औषधानं गेली की आपण होऊन गेली, हे मला आजही सांगता येणार नाही. मधल्या काळात मंदाबाईंनी काढा बंद केला होता. काढा बंद केल्यानं पाणी गेलं असं त्यांनी गांधीबागेत सर्वांना सांगितलं. मी समजवायचं सोडून दिलं.

लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करणारे सर्जन जिथं होते त्या मोठ्या रुग्णालयात सिझेरियन करायचं ठरलं, कारण असल्या बाळाला कळा सोसतायत की नाही, हे ठोक्यांवरून कळत नाही. तारीख ठरली तर मंदाबाईंनी पंचांग काढलं.

“सकाळी राहुकाळ हाये, मॅडम. दुपारी करा.”

“दुपारी सर्जन नाहीत, मंदाबाई.”

“त दुसरे सर्जन पाहा.”

“अहो, असे सर्जन काही चौकाचौकात बसलेले नसतात!” मी इतक्या जोरात बोलले की बाहेरच्या बायका आत डोकावल्या. सिझेरियन राहुकाळातच झालं.

मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत रडली. ठोके मात्र तेच, पंचावन्नच्या खाली. काही दिवसांतच तिच्या पोटाच्या भिंतीत काडेपेटीएवढं यंत्र बसवलं गेलं. त्याची तार हृदयापर्यंत. यंत्र चालू झालं आणि पडद्यावर त्या मुलीच्या आयुष्यातले पहिले जलद ठोके उमटले. सर्जन माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि मास्क नीट केला.

एवढं झाल्यावर तरी शहाणपण यावं की नाही? यंत्र बसवायच्याही आधीची, सिझेरियनच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. स्वातीनं पहिलं चिकाचं दूध वाटीत काढून ठेवलं होतं, ते नळीनं बाळाला द्यायचं होतं. मी कॉरिडॉरमध्ये पोचले तर अतिदक्षता विभागाच्या दारात मंदाबाई दुधाच्या पावडरचा डबा छातीशी धरून उभ्या, आणि तिथली सिस्टर त्यांच्यासमोर हतबल.

“हिचं दूध नाई पाजायचं,” मंदाबाई म्हणाल्या. “पोटात होती त रक्तातून गेलं. आता दुधातून अजून जाईन. मी मरून गेली तरी पाजू देणार नाई.”

आणि मी, पाचव्या महिन्यापासून स्वतःला जमेल तसं आवरलेली बाई, तिथं फुटले. मी म्हटलं, मंदाबाई, पोटातला रस्ता बंद झाला, वार पडली, संपलं. दुधातून या मुलीच्या हृदयाला काही होत नाही. चिकात जे असतं ते तिच्या आतड्यांना राखतं. या खोलीत, या नळ्या-तारांमध्ये, तिला ते सर्वांत जास्त हवंय. इतके महिने तुम्ही इम्युनिटी इम्युनिटी करून पैसे घालवले. ती या वाटीत आहे, फुकट, आणि तुम्ही ती ओतून द्यायला निघालात! मी अजूनही पुष्कळ बोलले. मंदाबाई डबा घट्ट धरून रडायला लागल्या, पण दारातून हलेनात. भीतीला वाद घालून हलवता येत नाही, हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

मागून स्वाती आली. टाके ताजे, एका हातानं भिंत धरलेली. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला.

“आई,” ती म्हणाली, “जे द्यायचं नव्हतं ते माह्याकडून न इचारता गेलं. आता जे द्यायचं हाये ते त मले देऊ द्या.”

मंदाबाई बाजूला झाल्या. सिस्टरनं वाटी घेतली. मी खिडकीपाशी जाऊन उगीच बाहेरची वाहनं बघत उभी राहिले.

मुलीचं नाव परी. दीडएक महिन्याची झाली आणि तिच्या डोळ्यांभोवती लाल चट्टे उठले. तेही आईच्याच प्रतिपिंडांमुळं. जन्मल्यावर ती हळूहळू संपत जातात आणि बाळ स्वतःची तयार करू लागतं. उन्हाळा संपेपर्यंत चट्टे पुसून गेले. हृदयातला वण तेवढा कायमचा. यंत्राची बॅटरी तिला मोठी होता होता बदलावी लागेल, पुन्हा पुन्हा. यात गोड मानून घेण्यासारखं काही नाही.

स्वातीला मी सांधेवातवाल्या डॉक्टरांकडं पाठवलं, असल्या प्रतिपिंडांचे आजार तेच बघतात. डोळ्यांचे थेंब, एक गोळी. परी तीन वर्षांची होता होता तिनं येऊन सांगितलं की दुसरं मूल हवंय. मी म्हटलं, पुन्हा तसं होण्याचा धोका आहे. तो कमी करायला हीच गोळी उपयोगी पडते, ती अजिबात थांबवायची नाही. मलेरियासाठी निघालेली ही फार जुनी गोळी. आणि इथं पुन्हा माझं नशीब उभं! औषधवाला तिला म्हणाला, “मलेरिया हाये का तुमाले? गरोदरपणात काहून खाऊन राहिल्या?” सुधाकरकाकांनी, हो, ते परतले होते, फोनवर वाचून सांगितलं की ही कोरोनाची गोळी, हिनं हार्टफेल होते. शेजारणीनं आणखी काही सांगितलं. पण या वेळी मला कुणाशी भांडावंच लागलं नाही. मंदाबाई स्वतः त्या औषधवाल्याच्या दुकानी गेल्या होत्या. “तिथं काय बोलल्या ते इचारू नका, मॅडम,” स्वाती म्हणाली. “थो आता आमाले पाहूनच गोळी काढते.”

या खेपेला चौथ्या महिन्यापासून आम्ही सोनोग्राफीवर बाळाच्या हृदयाकडं डोळ्यांत तेल घालून बघत होतो. धोक्याचे आठवडे मागं पडले. सहाव्या महिन्याच्या शेवटी स्वाती माझ्या टेबलावर निजली. परीला निखिलनं कडेवर घेतलं होतं, मंदाबाई भिंतीला टेकून. इतके दिवस बाळ पडद्यावर पाहायला त्या कधी आत आल्या नव्हत्या, बाहेर बसून राहायच्या. आज पहिल्यांदाच आत आल्या होत्या. मी डॉपलर ठेवलं आणि आवाज मोठा केला.

खोलीभर ठोके घुमायला लागले, जलद, एकामागून एक, जरा दम न घेता.

मंदाबाई भिंत सोडून पुढं आल्या. चेहरा पांढराफटक.

“मॅडम, इतकं काहून पळून राहिलं? काही बिघडलं त नाई ना?”

पोटातल्या बाळाच्या हृदयाची त्यांना एकच चाल ठाऊक होती. नीट चालणारं हृदय कसं वाजतं, ते त्यांनी आजवर ऐकलंच नव्हतं. मी किती तरी बोलणार होते. वारेपासून सुरुवात करून सगळं.

“असंच पळायला पाहिजे, मंदाबाई,” मी म्हटलं.

त्या खाली स्टुलावर बसल्या. “पळू द्या मंग,” म्हणाल्या. “जराकसं अजून ऐकू द्या.”

बाहेर बायकांची रांग खोळंबली होती. मी डॉपलर तसंच धरून ठेवलं.